चित्र, तक्ता आणि ‘म्हणे’: सचित्र कॅलेंडरमधील अद्भुताचा भाषिक विचार

१

भिंतीवर टांगावयाच्या सचित्र कॅलेंडरचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. वर चित्र असते आणि खाली महिन्याचा तक्ता असतो. चित्र पाहावयाचे व तक्ता वाचावयाचा, अशी आपली समजूत असते. त्यामुळे पहिल्याचा विचार कलासमीक्षकाने करावा आणि दुसऱ्याचा ज्योतिर्विदाने, अशी कामाची वाटणीही आपण मनातल्या मनात करून टाकलेली असते. भाषेच्या अभ्यासकाला ह्या वस्तूत काही काम आहे, असे सहसा कोणास वाटत नाही. तसे काम आहे आणि ते बरेच आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या विचारास निमित्त झाले ते एका लहान मुलाच्या बोलण्याचे. निगडी येथील एका परिचितांच्या घरी बैठकीच्या खोलीत दोन कॅलेंडरे शेजारी शेजारी टांगलेली होती. एक परदेशी छपाईचे, एका इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरीमालेवरील चित्रांचे होते. त्या महिन्याच्या पानावर पंख पसरून आग ओकणारा ड्रॅगन आणि त्याच्यासमोर तलवार उगारून उभा असलेला योद्धा होता. दुसरे एका हार्डवेअरच्या दुकानाकडून भेट आलेले होते, आणि त्यावर रविवर्म्याच्या वळणाचे जटायुवधाचे चित्र होते. घरातील सात वर्षांच्या मुलाने आपण होऊन दोन्ही चित्रे समजावून सांगितली. ड्रॅगनविषयी तो म्हणाला, “हा खरा नसतो, गोष्टीतला आहे.” जटायूविषयी म्हणाला, “हा जटायू. रावणानं त्याचे पंख कापले.”

दोन्ही चित्रांत एक प्रचंड पंख असलेला प्राणी आहे, दोन्हींत शस्त्रधारी वीर आहे, दोन्हींत आकाश आहे. छाया-प्रकाश दाखविण्याची रीतही फारशी निराळी नाही. असे असता एकाविषयीचे वाक्य ‘खरा नाही’ येथून सुरू व्हावे आणि दुसऱ्याविषयीचे सरळ, निःशंक भूतकाळात यावे, हा भेद कोठून आला? तो चित्रांत नाही, हे उघड आहे. मुलाच्या श्रद्धेत तो आहे असे म्हटले, तर प्रश्न केवळ एक पायरी मागे जातो. कारण ती श्रद्धा त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे सांगावयाचे राहतेच. माझ्या मते ती वाट भाषेची आहे, आणि तिच्या खुणा चित्रापेक्षा चित्राभोवतीच्या शब्दांत व चित्राखालच्या तक्त्यात शोधल्या पाहिजेत.

२

अशा चित्रांचा ह्या प्रदेशाशी असलेला संबंध पुष्कळांस ठाऊक नसतो. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड अशी स्थानके घेत लोणावळ्याकडे जाणारी लोकलगाडी कामशेत सोडल्यावर मळवली ह्या लहानशा स्थानकावर थांबते. कार्ले व भाजे येथील लेण्यांना जाणारे प्रवासी येथे उतरतात. ह्याच मळवलीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा रविवर्मा ह्यांचा छापखाना आला. १८९४ साली मुंबईत तो सुरू झाला, तेव्हा त्यातून निघालेले पहिले चित्र शकुंतलाजन्माचे होते. पुढे छापखाना मळवलीस हलविण्यात आला आणि नव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर ह्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. रविवर्म्यांचे निधन १९०६ साली झाले, तरी त्यांच्या नावाची चित्रे मळवलीहून देशभर जातच राहिली. व्यापाऱ्यांची लेबले व कॅलेंडरे छापण्याचे कामही तेथे होत असे. १९७२ साली लागलेल्या आगीत हा छापखाना व त्याचा मोठा संग्रह नष्ट झाला.

छपाईची रीत शिलामुद्रणाची होती. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर स्निग्ध द्रव्याने आकृती काढावयाची आणि दगड ओला करून शाई फिरवावयाची. स्निग्ध भाग शाई धरतो आणि ओला भाग ती झिडकारतो. दर रंगास स्वतंत्र दगड लागे. त्यामुळे एका चित्रासाठी अनेक दगड तयार करावे लागत आणि एकच कागद तितक्या वेळा छापावा लागे. ह्या श्रमातून निघणारे चित्र तैलचित्रासारखे दिसे आणि सामान्य मनुष्याला परवडे. पुण्यात १८७८ साली स्थापन झालेल्या चित्रशाळेने ही वाट आधीच काही अंशी मोकळी केली होती. पुढच्या पिढ्यांत एस. एम. पंडित (१९१६-१९९३) व रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) ह्यांच्या पौराणिक चित्रांनी कॅलेंडरांची भिंत व्यापून टाकली.

भाषिक दृष्टीने ह्या इतिहासातील महत्त्वाची घटना निराळीच आहे. छापील चित्रापूर्वीही आपल्याकडे कथाचित्रे होती, परंतु ती एकटी नसत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक पान समोर धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगत. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही चित्रकथकाचा उल्लेख येतो. म्हणजे ही परंपरा जुनी आहे. तिच्यात चित्र हे सांगणाऱ्याच्या आवाजाला जोडलेले होते. हे कोणी केले, कोणी ऐकले, कोणी सांगितले, ह्याचा उलगडा आवाज करी. चित्र फक्त दाखवी.

मळवलीच्या छापखान्यातून निघालेले चित्र मात्र आवाजावाचून घरोघर गेले. त्याच्याबरोबर गेले ते खालच्या पट्टीतील एखादे नाव: ‘हंस-दमयंती’, ‘शकुंतला-जन्म’, ‘मत्स्यगंधा’. पुढे ते कॅलेंडरवर आले तेव्हा आवाजाची रिकामी झालेली जागा एका अनपेक्षित गोष्टीने घेतली, ती म्हणजे महिन्याचा तक्ता. कॅलेंडरमधील चित्र व तक्ता ह्यांचे साहचर्य व्यापारी सोयीतून आले, हे खरे. तथापि सोयीतून आलेल्या रचनेसही अर्थ प्राप्त होतो, आणि भाषाभ्यासकाला त्या अर्थाशीच कर्तव्य आहे.

३

आवाज गेल्याने चित्राने नेमके काय गमावले, हे पाहण्यापूर्वी दोन शब्दांकडे लक्ष देणे इष्ट होईल.

पहिला शब्द ‘चित्र’. संस्कृतात हा शब्द प्रथम विशेषण आहे. तेजस्वी, उठून दिसणारा, रंगीबेरंगी असा त्याचा अर्थ. पुढे तो ‘आश्चर्यकारक’ ह्या अर्थी आणि ‘आलेख्य’ ह्या अर्थीही रूढ झाला. मराठीने नाम म्हणून ‘चित्र’ आलेख्यापुरते ठेवले. आश्चर्याची छटा मात्र ‘विचित्र’ ह्या शब्दात शिल्लक राहिली. दुसरा शब्द ‘कादंबरी’. बाणभट्टाच्या ज्या कथेवरून मराठीने हे नाव घेतले, तिच्यात बोलणारा पोपट आहे, गंधर्वकन्या आहेत, शाप आहेत आणि एकाच जिवाचे अनेक जन्म आहेत. म्हणजे वास्तववादी समजल्या जाणाऱ्या वाङ्मयप्रकारालाही मराठीने एका अद्भुतकथेचे विशेषनाम सामान्यनाम करून दिले. ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्या आरंभीच्या कादंबऱ्या पाहता ते नाव त्या काळी सार्थही होते.

भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा आठ रसांपैकी एक आहे. विस्मय हा त्याचा स्थायीभाव, पीत हा वर्ण आणि ब्रह्मा ही देवता. भरताने त्याचे दिव्य व आनंदज असे दोन भेद केले आहेत. ह्या विवेचनात अद्भुत वस्तू ‘खरी की खोटी’ हा प्रश्न कोठेही येत नाही. विस्मय उत्पन्न झाला की रसाचे काम झाले. म्हणून आपण आज ज्याला ‘फँटसी’ म्हणतो, तिला ‘अद्भुत’ हा पर्याय देताना सावध राहणे अवश्य आहे. ‘फँटसी’ ह्या संज्ञेत ‘हे घडलेले नाही’ असा लेखक-वाचकांमधील करार गृहीत असतो. ‘अद्भुत’ ह्या संज्ञेत तसा करार नाही. जटायू अद्भुत आहे, पण तो फँटसी आहे असे म्हणताच आपण अडखळतो. हे अडखळणे आपल्या प्रश्नाचे बीज आहे.

४

न पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलणे ही व्याकरणाची जुनी चिंता आहे. पाणिनीने भूतकाळाचे तीन लकार सांगितले. त्यांपैकी लिट् ह्या लकारास त्याने तीन अटी घातल्या: क्रिया भूतकाळातील हवी, आजच्या दिवसातील नसावी आणि बोलणाऱ्याने ती प्रत्यक्ष पाहिलेली नसावी. महाकाव्ये व पुराणे ह्यांत ‘बभूव’, ‘चकार’, ‘उवाच’ ही रूपे विपुल आढळतात, ती ह्या लकाराची. व्यवहारात लेखकांनी ह्या अटी सर्वत्र कसोशीने पाळल्या असे नाही. तथापि ‘आज’ आणि ‘प्रत्यक्ष’ ह्या दोन सीमारेषा क्रियापदाच्या रूपावरच आखाव्यात, असे एका व्याकरणकाराला वाटले, ही गोष्ट लक्षणीय आहे. ह्याशिवाय ऐकीव गोष्टीसाठी संस्कृतात ‘किल’ हे अव्यय होतेच.

प्राकृतांत लिट् जवळजवळ लोपला. मराठीचा भूतकाळ कृदन्तापासून आला. ‘केला’, ‘गेला’, ‘कापले’ ह्या रूपांत बोलणाऱ्याने ती क्रिया पाहिली की ऐकली, ह्याचा पत्ता लागत नाही. रूपाने जे सोडले ते मराठीने एका लहानशा शब्दावर सोपविले. तो शब्द ‘म्हणे’. ‘म्हणणे’ ह्या धातूच्या जुन्या रूपापासून आलेला हा शब्द वाक्याच्या शेवटी किंवा मध्ये आला की ऐकीवपणा दाखवितो: ‘त्याची बदली झाली म्हणे’, ‘तो म्हणे आजारी आहे’. तोच वाक्याच्या आरंभी आला की बहुधा अविश्वास किंवा उपहास व्यक्त होतो: ‘म्हणे मी साहेब!’ कन्नडातील ‘अंते’ व तेलुगूतील ‘अट’ हे प्रत्यय ऐकीवपणाचे हेच काम करतात. त्यामुळे ही सोय मराठीची एकटीची नसून दख्खनच्या शेजाराची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

चित्रकथ्याच्या आवाजाजवळ ‘म्हणे’ होते. तो हवे तेथे ते वापरू शके आणि हवे तेथे टाळू शके. छापील चित्राजवळ ते नाही. कोणत्याही चित्रात ‘असे ऐकिवात आहे’ हे रेखाटण्याची सोय नसते. रविवर्म्यांनी स्वीकारलेल्या युरोपीय वास्तवदर्शी शैलीने ही अडचण अधिकच वाढविली. चित्रकथीच्या पोथीतील सपाट रंगाची, मोठ्या डोळ्यांची आकृती निदान ‘मी आकृती आहे’ इतके तरी सांगते. मळवलीच्या छापील चित्रातील रावणाच्या दंडावरचे स्नायू व जटायूची विस्कटलेली पिसे पाहणाऱ्याला साक्षीदाराच्या जागी उभे करतात. न पाहिलेले जणू पाहिलेले होते. पाणिनीच्या भाषेत सांगावयाचे तर परोक्षाचे प्रत्यक्ष होते.

खालचे नावही ह्या बाबतीत मदत करीत नाही. ‘जटायुवध’ हा समास आहे. त्याला क्रियापद नाही, म्हणून काळ नाही. आणि काळ नाही, म्हणून ‘म्हणे’ लावावयास जागाही नाही. ‘जटायुवध म्हणे’ असे वाक्य मराठीत संदर्भावाचून होत नाही. अशा रीतीने चित्र आणि त्याचे नाव दोन्ही मिळून कथेतून काळ व साक्ष ह्या दोन्ही गोष्टी काढून घेतात. त्या परत देण्याचे काम पाहणाऱ्याच्या भाषेवर येऊन पडते.

५

आता तक्त्याकडे वळू. तक्त्यातही क्रियापद नाही, परंतु त्याचा स्वभाव चित्राच्या उलट आहे. ‘आज’, ‘काल’, ‘येथे’, ‘मी’ ह्या शब्दांचा अर्थ कोण, केव्हा, कोठे बोलतो ह्यावर अवलंबून असतो. ह्यांना दर्शक शब्द म्हणता येईल. महिन्याचा तक्ता हे दर्शक शब्दांचे यंत्र आहे. त्यातील तीस चौकटींपैकी प्रत्येक चौकट एक दिवसापुरती ‘आज’ होते. चित्र महिनाभर तेच राहते. तक्ता दररोज निराळे सांगतो.

तक्त्यातील शब्द एका घरातले नाहीत. ‘तारीख’ व ‘सन’ अरबीतून आले, ‘महिना’ फारसीतून, ‘तिथी’, ‘पक्ष’ व ‘वार’ संस्कृतातून. ‘कॅलेंडर’ ह्या शब्दाचे मूळ लॅटिन ‘कालेंडे’ म्हणजे महिन्याचा पहिला दिवस. त्या दिवशी व्याज देणे होत असल्याने सावकाराच्या वहीला ‘कालेन्दारियुम’ हे नाव पडले. पिंपरीच्या कामगारास हा इतिहास ठाऊक नसला, तरी अर्थ परका नाही. पहिल्या आठवड्यातील चौकटींवर पगार, घरभाडे व कर्जाचा हप्ता लिहिलेला त्याच्याही कॅलेंडरवर आढळतो. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज आहे. ‘हप्ता’ हा फारसी असून त्यात सात ही संख्या आहे. आपल्या ‘आठवड्या’त आठ आहे, कारण आपण सोमवार ते सोमवार दोन्ही टोके धरून मोजले. एकच अवधी दोन गणितांनी मोजला गेला आणि दोन्ही शब्द मराठीत टिकले. त्यांपैकी ‘हप्त्या’ने पैशाचे क्षेत्र घेतले.

‘दिनदर्शिका’ हा घडविलेला शब्द आहे. ‘निर्णय’ हा त्याहून जुना. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा ‘कालनिर्णय’, कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) ही नावे पाहता कोणते कर्म कोणत्या तिथीस करावे, ह्याचा निवाडा करणारे ग्रंथ म्हणजे ‘निर्णय’. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यांतील अंतर १२ अंशांनी वाढण्यास लागणारा अवधी. तो सुमारे १९ ते २६ तासांचा असल्याने तिथी व वार ह्यांचे जमत नाही. एखादी तिथी लोपते, एखादी दोन सूर्योदय पाहते. म्हणून निर्णयाची गरज. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी जी दिनदर्शिका सुरू केली, तिने ह्या शास्त्रीय वाङ्मयप्रकाराचे नाव घेऊन ते स्वयंपाकघरापर्यंत नेले. तिने वरचे मोठे चित्र जवळजवळ काढून टाकले आणि पानाच्या मागील बाजूस वाचनीय मजकूर घातला, ही गोष्टही आपल्या विषयाशी संबद्ध आहे. तेथे चित्राच्या जागी पुन्हा शब्द आले.

औद्योगिक पट्ट्यात ह्या तक्त्याचे वाचन कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स आला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. विजेचा भार सर्व औद्योगिक वसाहतींवर एकाच वेळी पडू नये म्हणून निरनिराळ्या भागांना साप्ताहिक सुट्टीचे निरनिराळे वार ठरवून देण्याची पद्धत पडली. पिंपरी-चिंचवड व भोसरी भागात हा वार गुरुवार ठरला. त्यामुळे तक्त्यातील लाल रंगाचा रविवार येथील अनेक कारखान्यांत कामाचा दिवस असतो. “आमचा रविवार गुरुवारी असतो,” हे वाक्य मी भोसरीत एका टर्नरच्या तोंडून ऐकले. विशेषनाम सामान्यनाम कसे होते, ह्याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

चाकणच्या एका खोलीत मी आणखी एक गोष्ट पाहिली. उत्तरेकडील काही कामगार राहत असलेल्या त्या खोलीत एक हिंदी व एक मराठी अशी दोन कॅलेंडरे होती. उत्तरेत महिना पौर्णिमेस संपतो, आपल्याकडे अमावास्येस. म्हणून हिंदी कॅलेंडरप्रमाणे श्रावणाचे उपवास पंधरा दिवस आधी सुरू होतात. जी कृष्णाष्टमी आपण श्रावणात मोजतो, ती त्यांच्या गणनेने भाद्रपदात असते. दिवस तोच, उत्सव तोच, महिन्याचे नाव मात्र निराळे. तक्ता हा निसर्गाचा आरसा नसून एका समाजाची वाचा आहे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

६

वर काळ नसलेले चित्र, खाली क्षणाक्षणाचा काळ. ह्या दोहोंना जोडणारे वाक्य कोठे आहे? ते कॅलेंडरवर छापलेले नाही, पण ह्या भाषिक समाजात ते बोलले जाते. पूजेच्या आरंभी संकल्प सोडला जातो, तेव्हा यजमान ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या उत्तरार्धापासून आरंभ करतो. मग श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग व त्याचा प्रथम चरण असे उतरत तो चालू संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी व वार येथपर्यंत येतो आणि अखेरीस ‘मी’ ह्या शब्दावर थांबतो. हे बहुधा जगातील सर्वांत लांब दर्शक वाक्यांपैकी एक असावे. त्याच्या एका टोकाला पुराणातील कल्पनातीत काळ आहे, दुसऱ्या टोकाला भिंतीवरच्या तक्त्यातील आजची चौकट. रामाचे युग त्या रेषेवर मागे कोठे तरी आहे. म्हणजे जटायूचा काळ दूरचा असला, तरी आजच्या गुरुवारापासून मोजता येण्याजोगा आहे. दसऱ्याला यंत्रावर झेंडूची माळ चढविताना वर्कशॉपमध्ये हेच वाक्य कधी पूर्ण, कधी त्रोटक स्वरूपात उच्चारले जाते.

तक्त्याच्या डोक्यावर छापलेला ‘शके’ हा शब्दही ह्याच जातीचा आहे. शालिवाहन हा कुंभाराघरी वाढलेला मुलगा होता, त्याने मातीचे सैनिक करून त्यांत प्राण फुंकले आणि शत्रूचा पराभव केला, अशी गुढीपाडव्याची कथा महाराष्ट्रात घरोघर सांगतात. इतिहासकार ह्या शकाचा आरंभ इ.स. ७८ मानतात आणि त्याचा संबंध शक-कुशाण राजांशी लावतात. म्हणजे १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी जी कालगणना स्वीकारली, तिच्या मराठी नावामागे सजीव झालेल्या मातीच्या सैन्याची अद्भुतकथा उभी आहे. अद्भुत केवळ वरच्या चित्रात आहे आणि खाली शुद्ध गणित आहे, ही आपली आरंभीची वाटणी येथे टिकत नाही.

आता परदेशी कॅलेंडरकडे पाहू. अमेरिकेत ग्रेग व टिम हिल्डेब्रांट ह्या जुळ्या बंधूंनी जे. आर. आर. टोल्किन ह्यांच्या कथांवर १९७६, १९७७ व १९७८ ह्या वर्षांच्या कॅलेंडरांसाठी चित्रे काढली, आणि त्यांना फार मोठी लोकप्रियता लाभली. टोल्किन स्वतः ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मुख्य कथेच्या परिशिष्टात त्यांनी कल्पित जगाची कालगणनाही दिली आहे. तीस तीस दिवसांचे बारा महिने, महिन्यांबाहेर ठेवलेले पाच दिवस, आणि त्यांतील मध्यवर्षाच्या दिवसाला वारच नाही. परिणामी तेथे दर वर्षी तीच तारीख त्याच वारी येते. एका भाषाशास्त्रज्ञाने रचलेले हे जग किती पूर्ण आहे, हे ह्यावरून कळते. पण ही कालगणना आपल्या ‘आज’पर्यंत येऊन पोहोचत नाही. तिच्यात बसून कोणी ‘मी आज’ असे म्हणत नाही. म्हणून ह्या चित्रांखाली छापला जाणारा जानेवारी-डिसेंबरचा तक्ता चित्राशी परका राहतो.

ह्या परकेपणाची जाणीव त्या वाचकांनाही असावी. १९७८ पासून अमेरिकेतील टोल्किनप्रेमींच्या संस्थेने २२ सप्टेंबर हा कथेतील दोन पात्रांचा जन्मदिवस म्हणून साजरा करण्याची प्रथा पाडली. कथेला तक्त्यातील एक चौकट मिळवून देण्याचा हा प्रयत्न आहे. रामनवमी व हा दिवस ह्यांत श्रद्धेचे अंतर फार मोठे आहे, हे मान्य करूनही भाषिक क्रिया एकच आहे, असे म्हणावे लागते. दोन्हीकडे कथेला ‘आज’ हा शब्द लावला जातो. फरक इतकाच की एकीकडे तो शब्द शतकानुशतके लावला गेला आहे, दुसरीकडे नुकताच.

निगडीच्या मुलाच्या दोन वाक्यांचा उलगडा आता होऊ शकेल. जटायूची कथा त्याला ज्यांनी सांगितली, त्यांनी ती ‘म्हणे’ न लावता सांगितली असावी, आणि ज्या घरात ती सांगितली त्या घरात रामनवमीची चौकट दर वर्षी येते. ड्रॅगनची कथा त्याला पुस्तकाच्या व पडद्याच्या चौकटीतून, ‘गोष्ट’ ह्या नावाने मिळाली. तक्त्यात त्या ड्रॅगनला तिथी नाही. चित्र दोन्हीकडे सारखेच मुके आहे. एकाभोवती संकल्पाचे वाक्य आहे, दुसऱ्याभोवती नाही.

७

हा निष्कर्ष कायमचा नाही, आणि तो तसा नाही म्हणूनच त्याचे महत्त्व आहे. ‘म्हणे’ स्थिर राहत नाही. ‘रावणाला दहा तोंडं होती’ आणि ‘रावणाला दहा तोंडं होती म्हणे’ ही दोन्ही वाक्ये आज एकाच घरात, कधी एकाच दिवशी ऐकू येतात. आजी पहिले बोलते, नातू काही वर्षांनी दुसरे बोलू लागतो आणि कदाचित पन्नाशीनंतर पुन्हा पहिल्याकडे वळतो. एखाद्या समाजात पौराणिक व काल्पनिक ह्यांची सीमा कशी सरकते, हे श्रद्धेविषयी थेट प्रश्न विचारून कळणार नाही. तसा प्रश्न विचारला की मनुष्य सावध होतो आणि योग्य वाटेल ते उत्तर देतो. समोरच्या कॅलेंडरवरील चित्राची गोष्ट सांगावयास सांगितले, तर मात्र तो निर्धास्तपणे बोलतो आणि ‘म्हणे’ आपोआप पडते किंवा गळते. ह्या पट्ट्यात बीड, लातूर, नांदेडपासून बिहारपर्यंतचे लोक शेजारी राहतात. तेव्हा अशा निरीक्षणास याहून अनुकूल क्षेत्र मिळणे कठीण.

ह्या कामात एक अडचण आहे आणि ती वेळेची आहे. कॅलेंडर ही ३१ डिसेंबरला मरण ठरलेली वस्तू आहे. ती रद्दीत जाते, पुस्तकांना वेष्टण होते, फडताळात अंथरली जाते. एखादेच चित्र कापून, काच लावून देव्हाऱ्याशेजारी जाते. आणि ते जाते तेव्हा तक्ता, दुकानाचे नाव व चौकटींतील पेन्सिलीच्या नोंदी कापल्या जातात. संग्राहक जपतात तेही बहुधा चित्रच. म्हणजे चित्राला काळाशी व बोलणाऱ्याशी जोडणारा जो पुरावा, तोच प्रथम नष्ट होतो. मळवलीच्या आगीने जे गेले त्याची हळहळ आपण करतो. दर जानेवारीत घरोघरी जे जाते त्याची कोणी नोंदही करीत नाही.

ह्यास्तव विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. येत्या वर्षअखेरीस प्रत्येकाने आपल्या परिसरातील निदान पाच जुनी कॅलेंडरे अखंड मिळवावीत. ती कोणत्या भिंतीवर, कोणत्या वस्तूशेजारी टांगलेली होती हे टिपावे, चौकटींतील हस्तलिखित नोंदी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात, आणि घरातील थोर व लहान अशा दोन व्यक्तींना चित्राची गोष्ट सांगावयास सांगून ती ध्वनिमुद्रित करावी. गोष्ट सांगणाऱ्याला मध्ये थांबवू नये आणि दुरुस्त तर मुळीच करू नये. उतरवून घेताना प्रत्येक ‘म्हणे’ वाक्यात कोठे आला आणि कोठे अपेक्षित असून आला नाही, ह्याची खूण मात्र न चुकता करावी.